अजान झाली तर खेळ थांबतो का?

परीक्षा संपल्या की दुसऱ्या दिवसापासून घरात दोन तक्रारी ऐकू येतात. मुले म्हणतात, कंटाळा आला. मोठी माणसे म्हणतात, सारखा मोबाइल. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींवर बहुतेक घरांत एकच इलाज चालतो, तो म्हणजे ओरडणे. मोबाइल हातातून काढून घेतला जातो. रिकाम्या हातात त्याऐवजी काय द्यायचे, हे मात्र कुणी ठरवत नाही. मग अर्ध्या तासाने मूल भुणभुण करू लागते, अम्मीला स्वयंपाक उरकायचा असतो आणि मोबाइल परत त्याच हातात जातो.

म्हणून या वेळी उपदेशाचा लेख लिहायचा नाही, असे आम्ही ठरवले. आमच्या मंडळींपैकी तीन घरांनी सुट्टीच्या दीड महिन्यात नवे-जुने खेळ प्रत्यक्ष खेळून पाहिले. एक घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावातले, एक सोलापूरचे आणि एक मुंब्र्याचे. सगळ्यांत लहान खेळाडू सहा वर्षांची, सगळ्यांत मोठी चौऱ्याहत्तर वर्षांची दादी. काही खेळ घरात होतेच, काही नातेवाइकांकडून मागून आणले, दोन विकत घेतले. त्यातून जे दिसले ते इथे मांडतो आहोत.

चार प्रश्न

खेळ चांगला की वाईट, हे डब्यावरच्या चित्रावरून कळत नाही. आम्ही प्रत्येक खेळाला चार प्रश्न विचारले.

पहिला, खेळ संपतो का, आणि मध्येच थांबवता येतो का? दुसरा, हरणाऱ्याचे काय जाते? तिसरा, पैसे एकदाच द्यावे लागतात की पुन्हा पुन्हा? चौथा, नात आणि दादी एकाच वेळी खेळायला बसू शकतात का?

यातला पहिला प्रश्न आम्हाला पहिल्याच आठवड्यात सुचला. सोलापूरच्या घरात एका खोलीत कॅरम चालला होता आणि दुसऱ्या खोलीत नववीतला मुलगा मोबाइलवर खेळत होता. मगरिबची अजान झाली. कॅरमवाल्यांनी स्ट्रायकर ठेवला आणि वजू करायला उठले. सोंगट्या जिथल्या तिथे राहिल्या. मोबाइलवाला म्हणाला, "दोन मिनिटं." ती दोन मिनिटे जमात संपेपर्यंत चालली. मुलगा काही वाईट नाही. फरक दोन खेळांच्या रचनेत होता, तो कसा ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फतवा देणे आमचे काम नाही. पैसे लावून खेळले की तो जुगार, याबद्दल कुणाचेही दुमत नाही. फाशांच्या खेळांबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे आणि बहुसंख्य उलेमा फासे टाळायलाच सांगतात. बुद्धिबळाबद्दल मतभेद जुना आहे. हनफी उलेमांचा कल नापसंतीकडे आहे. शाफई मसलकात पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तुलनेने सवलत आहे. कोकणातली बहुतेक घरे शाफई, घाटावरची बहुतेक हनफी, त्यामुळे एकाच लग्नात जमलेल्या पाहुण्यांतही यावर वाद रंगतो. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. खाली प्रत्येक खेळात फासे आहेत की नाहीत ते आम्ही सांगितले आहे.

कॅरम : घरातला जुना पाहुणा

नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या आणि एक लाल राणी. फासे नाहीत, वाचायला काही नाही, नियम दहा मिनिटांत समजतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, यांपैकी जे आधी होईल तिथे डाव संपतो. घरात आम्ही एक बोर्ड म्हणजे एक डाव असे धरले; तो पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो.

कॅरमचे खरे बळ चौथ्या प्रश्नात दिसले. दादीची नजर कमी झाली आहे, पण बोट अजून नेमके आहे. सहा वर्षांच्या नातीला समोरच्या भोकापर्यंत जोर पुरत नव्हता, म्हणून तिला स्ट्रायकर रेषेच्या थोडा पुढे ठेवायची मुभा दिली. दोघी एकाच बाजूने खेळल्या आणि दोन कॉलेजकुमारांना हरवले. असा बदल नियमात करता येतो आणि कुणाला तो खटकत नाही.

मुलींनी हा खेळ नुसता वेळ घालवायला खेळावा असेही नाही. चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी काझिमा हिने २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकली. आपल्या मोहल्ल्यांतल्या कॅरमच्या अड्ड्यांवर मुलींना जागा नसते. घरातल्या बोर्डावर ती असायला हवी.

खोड एकच. नाक्यावर कॅरमवर पैसे लावले जातात आणि मुले ते पाहतात. बोर्ड घरात आला की ही गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. दुसरे म्हणजे स्वस्तातला बोर्ड दोन पावसाळ्यांत फुगतो. प्लायवूड जाड असलेला घ्या आणि भिंतीला टेकवून नव्हे, आडवा ठेवा.

बुद्धिबळ : मस्कत ते रत्नागिरी

या खेळाचा प्रवासच बोलका आहे. भारतातला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे जाऊन शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोहोचला. बगदादच्या अब्बासी दरबारात अस-सूली नावाचे विद्वान दहाव्या शतकातले नामवंत खेळाडू होते. त्यांनी रचलेले एक कोडे हजार वर्षे सुटले नव्हते. विसाव्या शतकात रशियन ग्रँडमास्टर युरी अव्हरबाख यांनी त्याचे उत्तर शोधले. आपण मराठीत 'शह' दिला म्हणतो, 'मात' केली म्हणतो, 'वजीर' आणि 'प्यादे' हलवतो; हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आहेत. आणि हा खेळ नुसता इतिहासात नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला.

फासे नाहीत, नशीब नाही. हीच त्याची ताकद आणि हीच अडचण. ज्याला येते तो दर वेळी जिंकतो, आणि सतत हरणारे मूल चौथ्या दिवशी पट बंद करते. उपाय जुनाच आहे. जाणत्याने आपला वजीर काढून ठेवून खेळावे. मूल जिंकू लागले की वजीर ठेवून हत्ती काढावा.

रत्नागिरीच्या घरातले अब्बा मस्कतला नोकरीला आहेत. त्यांनी आणि सातवीतल्या मुलीने लायचेस नावाच्या संगणकी पटावर डाव मांडला. हे ठिकाण फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, ते देणग्यांवर चालते. तिथे एका चालीसाठी कित्येक दिवसांची मुदत ठेवता येते. मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुलगी ईशानंतर चाल करून झोपते, अब्बा ड्युटीवर जाण्याआधी उत्तर देतात. एक डाव महिनाभर चालला. रोजचा फोन पूर्वी 'जेवलीस का, अभ्यास केलास का' इथे संपायचा. आता 'तो घोडा तिथे का नेलास' यावर दहा मिनिटे बोलणे होते. मोबाइलला सरसकट नावे ठेवण्याआधी हे चित्रही डोळ्यांसमोर असावे.

पत्ते, गंजिफा आणि उनो

आपल्या बऱ्याच घरांत पत्त्यांचा कॅट ठेवत नाहीत. कारण पत्ते आणि जुगार ही जोडी समाजात घट्ट बसली आहे. ज्यांच्याकडे हा नियम आहे तो त्यांनी पाळावा. पण पत्त्यांच्या एका धाग्याची माहिती मुलांना जरूर द्यावी, कारण तो आपल्या कोकणातून जातो.

बाबराने आपल्या आठवणींत १५२७ साली सिंधमधल्या मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. हे पत्ते गोल असतात. मुघल गंजिफ्यात ९६ पत्ते, आठ रंग. ताज, शमशेर, चंग, बरात अशी त्यांची नावे. भारतातल्या कारागिरांनी त्याच खेळात दशावताराचे चित्र आणले आणि १२० पत्त्यांचा संच तयार झाला. सावंतवाडीत राजवाड्याच्या आश्रयाने हे पत्ते आजही हाताने रंगवले जातात, मुघल पद्धतीचेही आणि दशावतारीही. सुट्टीत त्या बाजूला गेलात तर मुलांना राजवाड्यात घेऊन जा आणि रंगवणाऱ्या बायकांचे हात पाहू द्या. हाताने केलेला पूर्ण संच महाग असतो आणि खेळणारी माणसेही थोडी उरली आहेत, त्यामुळे रोजच्या खेळासाठी तो घ्या असे आम्ही म्हणणार नाही.

रोजच्यासाठी उनो बरा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स या न्हाव्याने १९७१ साली आपल्या घरच्यांसाठी तो तयार केला. रंग आणि आकडे एवढेच ओळखता आले की पुरे. दहा जण बसू शकतात, त्यामुळे ईदच्या दुपारी सगळ्या खाला-फूफींची मुले जमली की हाच कामाला येतो. डाव दहा मिनिटांचा. नशीब जास्त, डोके कमी, म्हणून लहानगीही जिंकते. मोठी मुले मात्र आठवड्यात कंटाळली. पाहुण्यांसाठी कपाटात असावा, इतकेच.

लुडो, सापशिडी आणि व्यापार

तिन्ही खेळ फाशांचे आहेत. ज्यांच्याकडे फासे चालत नाहीत त्यांनी हा भाग सोडून पुढे जावे.

लुडो हा आपल्याच पचिसीचा इंग्रजी अवतार. मोबाइलवरचा लुडो परगावच्या नातेवाइकांबरोबर खेळता येतो, म्हणून तो घराघरांत शिरला. मात्र त्याच नावाने पैसे लावून खेळायची दुकानेही निघाली होती. घरातली म्हातारी माणसेही त्यात अडकलेली आम्ही पाहिली आहेत. त्याविषयी पुढे.

व्यापाराचे मूळ ऐकण्यासारखे आहे. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली एका खेळाचे पेटंट घेतले. जमिनीचे भाडे खाऊन एक माणूस कसा श्रीमंत होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दाखवणे हा त्यांचा हेतू होता. पुढे त्याच कल्पनेवरून १९३५ साली मोनोपॉली बाजारात आला आणि त्यात दुसऱ्याला कंगाल करणे हेच जिंकणे ठरले. आपला व्यापार त्याचाच भाऊ. मोनोपॉलीच्या नियमात गहाण सोडवताना दहा टक्के जादा भरावे लागतात. मुंब्र्याच्या घरात पाचवीतल्या मुलाने विचारले, "हे जादाचे कशाचे?" त्यावर त्याच्या चाचांनी खेळ थांबवून व्याज म्हणजे काय, ते का मना आहे, हे खेळातल्याच नोटा मांडून समजावले. तेवढ्यापुरता खेळ कामी आला.

खेळ म्हणून मात्र तो आमच्या कसोटीत मागे पडला. दोन-अडीच तास चालतो आणि ज्याचे दिवाळे निघाले तो उरलेला वेळ नुसता बघत बसतो. त्या रात्री मुंब्र्यात दोन भाऊ न बोलता झोपले.

अझूल : फरशांची भिंत

विकत घेतलेल्या दोन खेळांपैकी हा एक. मायकेल कीसलिंग या जर्मन रचनाकाराचा हा खेळ २०१७ साली आला आणि पुढच्या वर्षी जर्मनीतला 'वर्षातला उत्तम खेळ' हा मान त्याला मिळाला. पाच रंगांच्या, प्रत्येकी वीस अशा शंभर फरशा. मधल्या चकत्यांवरून एका रंगाच्या फरशा उचलायच्या आणि आपल्या पाटीवर पाच बाय पाचची नक्षीदार भिंत पुरी करायची. जास्त उचलल्या आणि मावल्या नाहीत तर गुण कापले जातात. म्हणजे हाव नडते. कुणाची एक आडवी ओळ पुरी झाली की ती फेरी शेवटची. दोन ते चार खेळाडू, पाऊण तास.

पोर्तुगालमधल्या निळ्या फरशांना अझुलेजो म्हणतात आणि तो शब्द अरबी 'अझ-झुलैज' यावरून आला. अंदलुसच्या मुस्लिम कारागिरांची ही देणगी. गोव्यात पणजीच्या फोंतेन्यास भागात फिरताना घरांच्या नावाच्या पाट्यांवर अशा फरशा दिसतात.

फासे नाहीत, पैसे नाहीत, भांडण नाही, फरशांवर कुणाचे चित्र नाही आणि एकही अक्षर वाचावे लागत नाही. दादीला रंग आणि नक्षी चटकन समजली. नक्षी तर तिला आपल्या माहेरच्या मशिदीतल्या फरशीसारखी वाटली. अजान झाली की पाट्या तशाच ठेवून उठता येते. घरातल्या सगळ्यांत लहान मुलीला मात्र गुण मोजता आले नाहीत; आठ वर्षांपासून पुढे ठीक. खरी अडचण किमतीची. बाहेरून येणारे हे खेळ काही हजारांच्या घरात जातात. त्याचा उपाय शेवटी सांगतो.

पँडेमिक : सगळे जिंकतात किंवा सगळे हरतात

हा दुसरा विकत घेतलेला खेळ. मॅट लीकॉक यांनी रचलेला, २००८ सालचा. पटावर जगाचा नकाशा, ४८ शहरे आणि चार रोग. शहरांत मुंबई, दिल्ली, कराची, बगदाद, रियाध, कैरो, इस्तंबूल आहेत, त्यामुळे भूगोल आपोआप होतो. दोन ते चार खेळाडू एकमेकांविरुद्ध नव्हे, मिळून रोगांविरुद्ध खेळतात. एक डॉक्टर, एक शास्त्रज्ञ, एक संशोधक, अशी प्रत्येकाला भूमिका आणि वेगळे कसब. चारही रोगांवर इलाज सापडला तर सगळे जिंकले. साथ आठ वेळा फुटली किंवा पत्ते संपले तर सगळे हरले. फासे नाहीत.

करोनाचा काळ ज्या घरांनी माणसे गमावून काढला, तिथे हा विषय जड जाईल अशी आम्हाला धास्ती होती. सोलापूरच्या घरात दादा त्याच साथीत गेले. खेळ मांडण्याआधी दादीला विचारले. ती म्हणाली, "मांडा. तेव्हा आपल्या हातात काही नव्हतं, इथे तरी आहे." ती स्वतः खेळली नाही, पण बाजूला बसून 'आधी मुंबई वाचवा' असे सांगत राहिली. पहिले तीन डाव सगळे हरले. चौथ्यांदा जिंकले तेव्हा घरात जो आवाज झाला त्याने शेजारीण चौकशीला आली.

एक दोष लक्षात ठेवावा. घरातला हुशार माणूस बाकीच्यांच्या चालीही स्वतःच ठरवू लागतो. आम्ही नियम केला की ज्याची पाळी त्याचाच निर्णय. बाकीच्यांनी विचारल्याशिवाय बोलायचे नाही. हा नियम घरातल्या अब्बांना सगळ्यांत अवघड गेला.

कहाणीचा खेळ : खर्च शून्य

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. 'समोर दरवाजा आहे, काय करता?' असे विचारले की खेळाडूने ठरवायचे. जमले की नाही, हे फाशावर ठरते. त्या खेळातल्या जादू आणि राक्षसांची गरज आम्हाला वाटली नाही. पण पद्धत मात्र ओळखीची वाटली, कारण दास्तान ऐकण्याची परंपरा आपली आहे. अमीर हमजाच्या दास्तानवर अकबराने सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली होती. इथे फरक एवढाच की ऐकणारा स्वतःच दास्तानमध्ये उतरतो.

रत्नागिरीच्या घराने गोष्ट अशी मांडली : बहमनी काळ, दाभोळ बंदर, जेद्याला निघालेले गलबत. एक नाखुदा, एक हकीम, एक मिरीचा व्यापारी आणि एक खलाशी. फाशांऐवजी चिंचोक्यांची एकी-बेकी. गोष्ट खालाने सांगितली. वादळ आले, शीड फाटले, पाणी कमी पडले. तेवढ्यात दुसरे एक गलबत दिसले. त्यावरची माणसे पाणी मागत होती. आपल्याला पुरेल इतकेच पाणी आहे. द्यायचे का?

मुलांचा वाद पाऊण तास चालला. व्यापारी झालेला दहावीतला मुलगा हिशेब मांडून 'नाही' म्हणत होता. हकीम झालेली सहावीतली मुलगी म्हणाली, माझ्या वाट्याचे द्या. शेवटी अर्धे पाणी दिले गेले आणि पुढचे दोन दिवस गलबतावर सगळ्यांना घोट मोजून प्यावे लागले. यावर व्याख्यान दिले असते तर कुणी ऐकले नसते.

हा खेळ वीज गेल्यावर, गाडीत, रमजानमध्ये इफ्तारची वाट पाहताना, कुठेही चालतो. थांबवायचा असेल तर 'बाकी उद्या' म्हणावे. गोष्ट सांगणारे मोठे माणूस मात्र लागते आणि पहिल्या दिवशी त्याला थोडे लाजल्यासारखे होते.

मोबाइलवरचे खेळ

सगळे मोबाइल खेळ एका मापाने मोजणे बरोबर नाही. त्यांचे तीन गट करावेत.

पहिला गट, बांधकामाचे आणि कोड्यांचे खेळ. उदाहरणार्थ माइनक्राफ्ट. त्यात चौकोनी ठोकळ्यांनी घर, गाव, किल्ला, काहीही बांधता येते. खेळ एकदा विकत घेतला की खेळत राहायला आणखी पैसे लागत नाहीत, आतले दुकान सोडले तर. एकट्याने खेळताना तो कधीही थांबवता येतो. पण तो संपत नाही. म्हणून शेवट आपण ठरवावा लागतो : 'आज छत पुरे झाले की बंद', असे काम ठरवून दिले की मूल ऐकते. 'अर्धा तास' असे सांगितले तर ऐकत नाही, कारण छत अर्धेच असते.

दुसरा गट, लढायांचे खेळ. शंभर खेळाडू बेटावर उतरतात, मैदान आकसत जाते, शेवटचा उरेल तो जिंकतो. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा आणि तो मध्ये थांबवता येत नाही. सोडला तर आपण हरतोच, शिवाय साथीदार उघडे पडतात. 'दोन मिनिटं' म्हणणारा मुलगा त्या वेळी इतर तिघांचा विश्वास सांभाळत असतो. त्याच्या हातातून मोबाइल हिसकावला की घरात भांडण पेटते ते म्हणूनच. बोलणी सामना सुरू होण्याआधी व्हायला हवीत. सोलापूरच्या घरात नियम झाला : नमाज किंवा जेवण अर्ध्या तासाच्या आत असेल तर नवा सामना सुरू करायचा नाही. मुलाने तो बराचसा पाळला, कारण त्यात त्याची बाजूही धरली होती. लहान मुलांना हे खेळ देऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच खेळांत दुसरा फास असतो, बंद पेटीचा. पैसे भरा, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ साली पैसे घेणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. आमच्या ओळखीच्या एका घरात वडील कुवेतला, यूपीआय अम्मीच्या मोबाइलवर आणि त्याचा पिन आठवीतल्या मुलाला पाठ, कारण दुकानात तोच जातो. खात्यातून थोडे थोडे पैसे जात राहिले. शाळेची फी भरायच्या दिवशी तेवढीच रक्कम कमी निघाली. मुलगा महिनाभर भीतीने जेवत नव्हता, हे अम्मीला नंतर उमगले. मोबाइलच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे. ती आज सुरू करा. खर्चाचे खाते वेगळे ठेवा आणि त्यात थोडीच रक्कम असू द्या.

तिसरा गट, पैसे लावायचे खेळ : रमी, पैशांचा लुडो, क्रिकेटचा संघ लावणे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. घरात कुणी अडकले असेल तर पोलीस आपल्यालाच धरतील या भीतीने गप्प बसू नये.

आणि सवय हाताबाहेर गेली असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अशा व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. तास मोजून तो ठरत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळे मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही आणि हे साधारण वर्षभर चालते, अशी त्याची लक्षणे आहेत. अशा मुलाला मारून किंवा ताईत बांधून उपयोग नाही. मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा.

कुणी काय घ्यावे

लहान-मोठे सगळे एकत्र राहतात अशा घराने आधी चांगला कॅरम घ्यावा. आठ वर्षांपुढची मुले असतील आणि ऐपत असेल तर अझूल. भावंडांत सतत कुरबूर असेल तर पँडेमिक, कारण तिथे भांडायला समोर कुणी नसते. वडील परदेशी असतील तर बुद्धिबळाचा संथ डाव. खर्च करायचाच नसेल तर कहाणी.

महागड्या खेळांसाठी तीन-चार घरांनी मिळून पैसे काढावेत आणि डबा महिन्याने फिरवावा. मुंब्र्यात एकाच इमारतीतल्या चार घरांनी तसे केले. डब्याच्या झाकणाच्या आत कुणाकडे कधी गेला याची नोंद ठेवली. एक फरशी हरवली, तिथे त्याच आकाराचे बटण ठेवले.

खेळ आणून तो मुलांच्या पुढ्यात टाकला आणि आपण बातम्या लावून बसलो, तर चार दिवसांत डबा कपाटावर जातो. तिन्ही घरांत जो खेळ टिकला तो मोठ्यांपैकी कुणीतरी रोज बसले म्हणून टिकला. रोज पाऊण तास कोण बसणार, हे आधी ठरवा. खेळ कोणता घ्यायचा हे त्यानंतर.